कुणीच घरी न नेलेली पुस्तकं

विद्यापीठाच्या ग्रंथालयात सगळे तिला तारीखबाई म्हणत. पुस्तक वाचकाच्या हातात देताना ती परतीची तारीख तोंडाने सांगायची. शिक्का मारायचे दिवस संपले, काउंटरवर बारकोड वाचणारं यंत्र आलं, तारीख रोज संध्याकाळी वाचकाच्या मोबाइलवर आपोआप जायला लागली, तरी हिची सवय गेली नाही. "चौदा तारीख, मंगळवार येतो," एवढं म्हणायची आणि मागच्याकडे बघायची. एकतीस वर्षं तिने हे काम केलं. या एकतीस वर्षांत तिच्या हातून एकही पुस्तक चुकीच्या नावावर गेलं नव्हतं. ती फार हुशार होती अशातला भाग नाही. ती भित्री होती.

भित्री म्हणजे किती, तर ग्रंथपालांनी वर बोलावलंय असा निरोप आला की आपलं काय चुकलं हे ती जिना चढता चढताच आठवायला लागायची, आणि वर पोचेपर्यंत काही ना काही सापडायचंच. सकाळी घरातून निघाली की कोपऱ्यावरून एकदा परत यायची, गॅस बंद आहे का बघायला. घरात मोठी बहीण बसलेली असायची, तरी.

"मला दिसत नाही का गॅस?" ताई विचारायची.

"तुला दिसतो गं. मला आठवत नाही."

दोघी बहिणी दोन खोल्यांत राहत. ताईचं लग्न मोडलं होतं, हिचं जमलंच नव्हतं. ताई एके काळी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला यंत्र, समोर भोकाभोकांचा बोर्ड, आणि दोन्ही हात सारखे चालू. शहरातले निम्मे आवाज तिला ओळखीचे होते. एका सोमवारी ती कामावर गेली तर बोर्ड जागेवर नव्हता. भिंतीला फक्त स्क्रूची भोकं उरली होती. नोकरीवरून तिला कुणी काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, असं तारीखबाईला पुढे वाटायचं. तिला गोदामात एक खुर्ची दिली, समोर टेबल दिलं, आणि टेबलावर ठेवायला काही दिलं नाही. ताई त्या खुर्चीत सहा वर्षं बसली. अकरालाच डबा उघडायची, कारण उघडण्यासारखं दुसरं काही नव्हतं. नोकरी संपवून घरी आली तेव्हा ती इतकी कमी बोलायला लागली होती की शेजारणीला वाटलं, हिला ऐकू येत नाही.

तारीखबाईला अंधाराची भीती वाटे, पालीची वाटे, वरच्या आवाजात बोलणाऱ्या माणसांची वाटे. पण त्या खुर्चीची जेवढी वाटे तेवढी कशाचीच नाही.

म्हणून नव्या ग्रंथपाल मॅडमनी सगळ्यांना बोलावलं आणि 'गोदाम' हा शब्द उच्चारला, तेव्हा तिला ताईचं रिकामं टेबल दिसलं. मॅडम चाळिशीच्या असतील. शांत बोलायच्या, रबरी तळव्यांचे बूट घालायच्या, त्यामुळे त्या कधी मागे येऊन उभ्या राहिल्या ते कळायचं नाही. त्यांनी भिंतीवर आकडे दाखवले. गेल्या वर्षी ई-पुस्तकं एक लाख एकेचाळीस हजार वेळा उघडली गेली होती. छापील पुस्तकं घरी नेली गेली होती नऊ हजार दोनशे. तिसऱ्या मजल्यावर इतिहास, भूगोल, समाजशास्त्र, भाषा मिळून एकोणतीस हजार पुस्तकं, आणि त्यातल्या एकवीस हजारांना सात वर्षांत कुणी हात लावलेला नव्हता.

"हात लावलेला नाही?" कुणीतरी विचारलं.

"नोंद नाही," मॅडम म्हणाल्या. "या सत्राच्या अखेरीस यादी करायची. तोपर्यंतही ज्यांची नोंद होणार नाही, ती शहराबाहेरच्या गोदामात जातील. मुलांना बसायला जागा नाही. जिन्यात बसून वाचतात, तुम्हीही बघता. काउंटरचं पुढे काय करायचं ते नंतर ठरवू."

मॅडम वावगं काहीच बोलल्या नव्हत्या. मुलं खरंच जिन्यात बसत. पण 'ते नंतर ठरवू' हे शब्द तारीखबाईबरोबर घरी आले, जेवायला बसले आणि सकाळी तिच्याबरोबर परत कामावर आले.

तिसऱ्या मजल्यावर रोज सकाळी एक निवृत्त प्राध्यापक येत. सगळे त्यांना भूगोलवाले सर म्हणत. दहाला येत, बाराला जात, आणि दोन तास एकच पुस्तक वाचत. नद्यांवरचा ठोकळ्यासारखा जाड ग्रंथ. सरांचे हात थरथरत, त्यामुळे ते धूड घरी नेणं त्यांना झेपणारं नव्हतं. वाचून झालं की टेबलावर तसंच ठेवून जात, आणि जेवणाच्या सुट्टीत तारीखबाई ते जागेवर लावून येई. त्या आठवड्यात ते पुस्तक तिने जागेवर न लावता खाली आणलं आणि यंत्राखाली धरलं. शेवटची नोंद एकोणीस वर्षांपूर्वीची होती.

ती पडद्याकडे बघत राहिली. पानाच्या कडेला आज सकाळचा पेन्सिलचा बारीक ठिपका होता, आणि यंत्र सांगत होतं की एकोणीस वर्षांत याला कुणी विचारलेलं नाही.

काउंटरवर तिच्याशिवाय कुणी नव्हतं. सरांच्या कार्डाचा आकडा तिला पाठ होता, तसे बऱ्याच जणांचे होते. तिने तो टाकला, पुस्तक त्यांच्या नावावर दिलं आणि लगेच परत घेतलं. यंत्र दोनदा वाजलं. दोन्ही वेळा तिला वाटलं, हा आवाज वरच्या मजल्यावर ऐकू गेला असणार. घेतल्याचा निरोप संध्याकाळी जाई, आणि तोवर पुस्तक परत आलेलं असेल तर जातच नसे, हे तिला माहीत होतं. तरी ती पाच वाजेपर्यंत दाराकडे बघत होती.

कुणी आलं नाही. मग दुसऱ्या दिवशी तिने चार पुस्तकं नोंदली. टेबलावर उघडी सापडलेली, आत कागदाच्या चिठ्ठ्या घातलेली, कुणी ना कुणी वाचलेली. आपण खोटं काय करतोय, असं तिने स्वतःला विचारलं. वाचलेलं वाचलं म्हणून लिहितोय. पर्समधल्या छोट्या डायरीत ती पुस्तकाचा क्रमांक लिही आणि शेजारी टिंब देई. तीन आठवड्यांत दीडशेच्या वर टिंबं झाली.

मग एका दुपारी ती बोलीभाषांच्या शब्दकोशांच्या कपाटापाशी उभी राहिली. तिथे टेबलावर काही नव्हतं, चिठ्ठ्या नव्हत्या, पुस्तकांच्या डोक्यावर बोटभर धूळ होती. इथे कुणी येत नव्हतं आणि ती हे जाणून होती. तिने फडक्याने अकरा शब्दकोश पुसले, खाली नेले आणि नेहमी वर बसणाऱ्या वाचकांच्या नावांवर वाटून टाकले. डायरीत त्यांच्यापुढे टिंब न देता फुली मारली. इथपर्यंत तिच्याकडे कारण होतं. इथून पुढे नुसती भीती होती, आणि भीतीला पुरे कधी म्हणायचं ते कळत नाही. रोज दहा, रोज बारा. रात्री झोप नाही, सकाळी घास उतरत नाही. ताईने एकदोनदा विचारलं, तिने पित्तावर ढकललं.

एक गोष्ट मात्र तिच्या लक्षातच आली नव्हती. काउंटरवरचं मशीन सकाळी तिच्याबरोबरचा कारकून उघडी, त्याच्या पासवर्डने, आणि ते दिवसभर तसंच उघडं राही. तो कंत्राटी होता, दर वर्षी नवं पत्र मिळायचं. शाळेत जाणाऱ्या जुळ्या मुली होत्या त्याला. दुपारी एक ते दोन तो जेवायला जाई, आणि तारीखबाई नेमक्या त्याच वेळात आपल्या नोंदी करी.

दुसरी न ठाऊक असलेली गोष्ट एका मुलीने काउंटरवर आणून दाखवली. ही मुलगी पीएचडीच्या अखेरीस आली होती. दोन लिटरची बाटली सदैव काखोटीला असायची, म्हणून तारीखबाई मनातल्या मनात तिला बाटलीवाली म्हणायची.

"मावशी, जरा बघता का? माझ्या कार्डावर कुणीतरी पुस्तकं घेतंय."

तिने मोबाइल पुढे केला. एकाखाली एक सहा निरोप होते, प्रत्येकात पुस्तकाचं नाव. 'आपण नेलेले पुस्तक परत मिळाले. धन्यवाद.' पुस्तक परत आल्याचाही निरोप पाठवायला याच महिन्यापासून सुरुवात झाली होती. काउंटरवर ते कुणी सांगितलं नव्हतं.

तारीखबाईने मोबाइल परत दिला. "यंत्राची काहीतरी चूक असेल गं," ती म्हणाली.

"सहा वेळा? आणि यातले चार तर शब्दकोश आहेत. मी ते बघितलेलेसुद्धा नाहीत." मुलीचे डोळे भरून आले होते. "तीन आठवड्यांनी प्रबंध द्यायचाय. त्याआधी ग्रंथालयाचा दाखला लागतो, की माझ्याकडे काही राहिलेलं नाही म्हणून. उद्या एखादं पुस्तक सापडलं नाही तर मी काय सांगू? कोण विश्वास ठेवणार?"

"काही होणार नाही तुला."

"मी वर मॅडमना लेखी देऊन आले," मुलगी म्हणाली. "तुम्हाला नुसतं विचारायला आले, तुम्ही कुणाला बघितलंय का."

तारीखबाईने मान हलवली. नाही. मुलगी गेल्यावर ती खुर्चीत बसली, आणि रांगेतल्या माणसाने दोनदा हाक मारली तरी तिला ऐकू आली नाही.

दुसऱ्या दिवशी संगणक विभागाने यादी काढली. दहा सेकंदांच्या आत दिलेली आणि परत घेतलेली पुस्तकं, तीनशे बारा. सगळी एकाच पासवर्डवरून. अकरा वाजता कारकुनाला वर बोलावलं. तो खाली आला. तो पेला भरून पाणी प्यायला आणि रिकामा पेला हातातच धरून राहिला.

"बाई, उद्या चारपर्यंत लेखी खुलासा मागितलाय. नाहीतर पत्र नवं होणार नाही म्हणाल्या. मी काय खुलासा देऊ? मला त्यातलं एक पुस्तकही माहीत नाही." मग हळूच, संशय नावालाही नसलेल्या आवाजात तो म्हणाला, "मी जेवायला गेलो की मशीन उघडं असतं. त्या वेळात इथे कुणी बसताना तुम्ही बघितलंत का?"

"नाही," ती म्हणाली.

ती बाथरूममध्ये गेली, कडी लावली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. आजवर तिला जी जी भीती वाटली होती ती स्वतःला काय होईल याची होती. ही तशी नव्हती. जुळ्या मुलींचा एक फोटो त्याने काउंटरच्या काचेखाली ठेवला होता, सारखे फ्रॉक घातलेल्या दोघींचा, आणि बाथरूमच्या फरशीकडे बघताना तिला तोच दिसत होता.

संध्याकाळी जेवताना तिने ताईला सगळं सांगितलं. ताईने मध्ये एकदाही टोकलं नाही.

"किती पुस्तकं?"

"तीनशे बारा."

ताईने ताट बाजूला सारलं. "आमचा बोर्ड काढणार हे आधी कळलं असतं ना, तर मीही खोटे कॉल जोडले असते. दिवसाला शंभर." मग तिने पाण्याचं भांडं उचललं. "पण शेजारणीच्या बोर्डावरून नसते जोडले."

"मला माहीत नव्हतं गं, ते त्याच्या नावावर पडतंय."

"आज अकरापासून माहीत होतं ना?"

तारीखबाईने भांडी घासली, आणि एकच पातेलं दोनदा घासलं.

सकाळी ती ग्रंथपालांच्या दारापाशी पोचली तेव्हा नऊला दहा मिनिटं कमी होती. जिना चढताना आज काही आठवावं लागलं नव्हतं. कठड्याला धरून ती एकेक पायरी चढली होती. दारावर टकटक करायला हात उचलला आणि परत खाली घेतला. निवृत्तीला चार वर्षं होती. आत्ता खाली गेलं तर कुणाला कळणार नव्हतं, आणि चार वाजता तो कारकून आपल्या काचेखालचा फोटो काढून घेऊन जाणार होता.

"आत या, दार उघडंच आहे," मागून मॅडमचा आवाज आला. नेहमीसारख्याच कधी आल्या ते कळलं नव्हतं.

तिने बसायच्या आधीच सांगून टाकलं. "ती पुस्तकं मी नोंदली. त्याने नाही. त्याला काहीच माहीत नाही." आणि पर्समधून डायरी काढून टेबलावर ठेवली.

मॅडमनी पानं उलटली. बराच वेळ उलटली. "ही टिंबं कसली?"

"ती टेबलावर वाचलेली पुस्तकं. मी वाचताना बघितलेली, नाहीतर आत खूण सापडलेली. एकशे सत्त्याण्णव."

"आणि फुल्या?"

"ती कुणी वाचली नाहीत. एकशे पंधरा. मला वाटलं, मजला रिकामा झाला की मला पण कुठेतरी बसवून ठेवतील. नुसतंच."

"खरं-खोटं वेगळं कशाला लिहिलंत? सगळं एकत्र असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं."

"भीती वाटली. एकत्र केलं असतं तर खरी पण खोटी झाली असती."

मॅडमनी डायरी मिटली. त्या रागावल्या होत्या, आणि आवाज चढला नाही म्हणून तो राग जास्त लागत होता. "आज चार वाजता मी एका माणसाला काढणार होते. सही करून ठेवलेला कागद खणात आहे. एका मुलीने घाबरून माझ्यासमोर बसून रडून घेतलं. पुस्तकं वाचवायला दोन माणसं पणाला लावलीत तुम्ही."

"हो."

"तुम्हाला मेमो मिळेल, सेवापुस्तकात नोंद होईल. काउंटरवर तुम्ही यापुढे बसायचं नाही. तीनशे बाराच्या तीनशे बारा नोंदी पुसायच्या, टिंबवाल्यासुद्धा. आणि त्या दोघांना खरं काय ते तुम्ही स्वतः सांगायचं, मी सांगणार नाही."

तारीखबाई उठली. मॅडम म्हणाल्या, "बसा, संपलेलं नाही." त्यांनी समोरचा पडदा तिच्याकडे वळवला. "हे ते एक लाख एकेचाळीस हजार. मी ते सगळ्यांना दाखवलं, आणि मग एक दिवस उलगडून बघितलं. एक वाचक एकाच पुस्तकात एका दुपारी चाळीस वेळा गेलाय. चाळीस वाचनं म्हणून मोजली गेली. पुस्तक उघडून बंद करेपर्यंत सरासरी साडेचार मिनिटं. याला वाचणं म्हणायचं की नाही, मला सांगता येत नाही. तुम्ही आकडा मुद्दाम वाढवलात, इथे तो आपोआप वाढतो. मला दोन्ही नकोत."

मग त्यांनी काम सांगितलं. आठ आठवडे तारीखबाईने तिसऱ्या मजल्यावर बसायचं. वाचून झालेलं पुस्तक वाचकांनी जागेवर न लावता पुस्तकांच्या ढकलगाडीवर ठेवायचं, आणि ते तिने मोजायचं. आणि मजल्यावर आलेल्यांना, न आलेल्यांनाही, खाली जिन्यात बसलेल्यांनाही विचारायचं: पडद्यावर काय वाचता, कागदावर काय वाचता, का.

"मला अनोळखी माणसांना प्रश्न विचारता येत नाहीत, मॅडम."

"अनोळखी माणसांच्या नावावर पुस्तकं देता येत होती."

कारकुनाला तिने काउंटरमागेच सांगितलं. "काल मी तुम्हाला विचारलं होतं, बाई," एवढंच तो म्हणाला. त्याचं पत्र नवं झालं. पण त्यानंतर तो तिच्याशी कामापुरतंही बोलेनासा झाला, आणि वर्षभराने दुसरीकडे नोकरी मिळाली तेव्हा सगळ्यांना सांगून गेला, तिला सोडून. ते तिला जन्मभर पुरेल एवढं लागलं. बाटलीवालीने मात्र सगळं ऐकून विचारलं, "म्हणजे माझा दाखला अडणार नाही ना?" नाही म्हटल्यावर तिने डोळे मिटून मोठा श्वास सोडला. बाकी कशाशी तिला घेणं नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावरचा पहिला आठवडा तारीखबाईने वाचकांच्या आसपास घुटमळण्यात घालवला. कुणाजवळ जायची, घसा खाकरायची आणि खिडकी लावून परत यायची. त्या आठवड्यात मजल्यावरच्या सगळ्या खिडक्या नीट लागल्या. शेवटी पहिला प्रश्न बाटलीवालीनेच तिच्याकडून विचारून घेतला. "मावशी, विचारा ना. मला माहितीये तुम्हाला काय विचारायचंय."

तारीखबाईने मॅडमची ती साडेचार मिनिटं सांगितली, तेव्हा तिने लॅपटॉप वळवून दाखवलं. सातशे पानांच्या ई-पुस्तकात एक शब्द टाकला की तो कुठेकुठे आलाय ते पापणी लवायच्या आत समोर येतं. "ही साडेचार मिनिटं," ती म्हणाली. "मी इथे वाचत नाही, शोधते. पान सापडलं की वर येते आणि छापील घेते. स्क्रीनवर वाचलेलं मला कुठे वाचलं ते आठवत नाही. कागदावर कसं, डाव्या पानावर, खाली, तक्त्याच्या जरा वर. एवढं आठवलं की सापडतं."

तारीखबाईने ते लिहून घेतलं, आणि पहिल्यांदा तिचं मन जरा थाऱ्यावर आलं. पण पुढची उत्तरं सगळी तिच्या बाजूची नव्हती. खालच्या जिन्यात एक विद्यार्थी पडद्याला नाक लावून बसायचा. त्याला अंधुक दिसायचं. "ई-पुस्तकात मी एकेक अक्षर बोटाएवढं करतो," तो म्हणाला. "मजल्यावरची तुमची पुस्तकं माझ्यासाठी नाहीतच. नेलीत काय, ठेवलीत काय." हे ऐकून ती बराच वेळ पेन उघडून उभी राहिली. हे एक नाही लिहिलं तर कुणाला कळणार होतं. मग तिला डायरीतल्या फुल्या आठवल्या, आणि तिने ते शब्दन् शब्द लिहिलं.

दिवसा इस्पितळात काम करून संध्याकाळच्या वर्गाला येणारी एक बाई सगळा अभ्यास बसमध्ये, मोबाइलवर करायची. ग्रंथालयाचा वरचा मजला तिने बघितलेलाच नव्हता. विज्ञानवाल्यांना कागद लागतच नव्हता. पण परीक्षेचे दिवस आले आणि उलटं घडलं. नेमलेल्या एका ई-पुस्तकात एका वेळी तिघांनाच जाता येई. चौथ्याला 'थोड्या वेळाने प्रयत्न करा' असं दिसायचं. वर्ग साठ जणांचा. त्या आठवड्यात त्याच्या दोन छापील प्रती सकाळपासून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत होत्या, घरी कुणीच नेत नव्हतं, आणि मुलं मोबाइलने पानांचे फोटो काढून ते पुन्हा पडद्यावर वाचत होती. हे कुठल्या रकान्यात घालायचं ते तिला कळेना. ती मॅडमना विचारायला गेली. त्यांनाही कळलं नाही. त्यांनी तिसरा रकाना आखला.

आठ आठवड्यांत गाडीवर सहा हजार चारशे पुस्तकं आली, त्यातली निम्म्याहून जास्त अशी, की ज्यांची सात वर्षांत नोंद नव्हती. यादी नव्याने झाली. तरी सतरा हजार पुस्तकं गोदामात गेलीच. बोलीभाषांचे शब्दकोश त्यांत होते. ते खोक्यात भरताना तारीखबाई स्वतः हजर होती, खोक्यांवर क्रमांक तिनेच घातले, आणि घालताना दोनदा खाडाखोड झाली. रिकाम्या झालेल्या अर्ध्या मजल्यावर टेबलं आली, आणि जिन्यातली मुलं वर येऊन बसली. काउंटरवर एक यंत्र उभं राहिलं. पुस्तक त्यावर ठेवायचं, कार्ड दाखवायचं आणि जायचं. तिला तिसऱ्या मजल्यावर एक छोटं टेबल मिळालं. दर सत्राला मोजणी तिच्याकडे, आणि सेवापुस्तकात ती लाल शाईची ओळ.

भीती गेली असं म्हणता येणार नाही. मेमो हातात आल्यापासून कुणी मागे उभं राहिलं तरी ती दचकते. मोजणीत एक पुस्तक कमी भरलं तर सगळी गाडी पुन्हा मोजते, आणि बहुतेक वेळा पहिली मोजणीच बरोबर निघते. ताईला हे सगळं ती जेवताना सांगते, आणि ताई हल्ली मध्ये मध्ये प्रश्न विचारते. तो अंधुक दिसणारा पास झाला का, गोदामातून एखादं पुस्तक परत मागवता येतं का, किती दिवस लागतात.

प्रबंध दिल्यावर काही महिन्यांनी बाटलीवाली वर आली. विद्यापीठ हल्ली प्रबंधाची फाइलच घेतं, छापील प्रत मागत नाही. तरी तिने एक प्रत स्वतःसाठी बांधून घेतली होती, ती दाखवायला आणली होती. तारीखबाईने ती हातात घेतली, वजन बघितलं, दोनचार पानं उलटली. मग टेबलावरचा तक्ता पुढे ओढला.

"शेवटचा कशावर वाचलास? देण्याआधी?"

"कागदावर," मुलगी म्हणाली. "स्क्रीनवर चुका दिसत नाहीत मला. तरी एक राहिलीच. पान एकशे सहा."

तारीखबाईने तेही लिहून घेतलं.